उशाचं लोखंड

पिस्तूल कमरेला लावून बाळंतपणाला जाणारी बाई, अशी माझी अहेरी-आलापल्लीच्या टापूत ओळख होती. खरं म्हणजे ते रिव्हॉल्व्हर होतं, आखूड नळीचं, सहा गोळ्यांचं. पण तिकडे सगळे पिस्तूलच म्हणत आणि मीही तेच म्हणायला लागले. नर्सचं पांढरं लुगडं, त्यावर वडिलांचा चामडी पट्टा, पट्ट्याला डाव्या अंगाला पिस्तूल आणि उजव्या हातात औषधांची काळी पेटी. हे ध्यान बैलगाडीतून उतरलं की गावातली पोरं आधी पळून जात आणि मग दुप्पट होऊन परत येत.

का बाळगता, हे मला सगळ्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे माणूस पाहून उत्तरं तयार होती. पोरांना सांगायचे, अस्वलासाठी. मोहाच्या दिवसांत झुंजूमुंजू होताना अस्वलं झाडाखाली येतात हे त्यांनी पाहिलेलं असे, त्यामुळे त्यांना ते पटायचं. खरं तर त्या एवढ्याशा गोळीनं अस्वलाला गुदगुल्या झाल्या असत्या. दवाखान्याच्या डॉक्टरांना सांगितलं, आडरस्त्याचं काम आहे. मूल गावी सासरी सांगितलं, सरकारनंच दिलंय. सरकारचं नाव काढलं की माझे थोरले दीर गप्प बसत. अहेरीच्या बाजारात मात्र कुणी कधी काही विचारलं नाही. तिथे मला वांगी नेहमी मापापेक्षा दोन जास्त मिळत, आणि मी ती निमूट पिशवीत टाकत असे.

यातलं बरंचसं खरं होतं, पण मूळ कारण वेगळं होतं. ते सांगायचं तर आधी झोपेबद्दल सांगावं लागेल.

चांदा जिल्हा, म्हणजे आताचा चंद्रपूर, तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता. माझं लग्न झालं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात नवरा तापानं गेला. सासर भाताचं, खाऊनपिऊन सुखी. मला कुणी छळलं नाही. फक्त माजघरात ठेवलं, जसं पितळेचं जास्तीचं भांडं ठेवतात. वडील जंगल खात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले, तापट माणूस. त्यांनी सासरच्यांशी भांडून मला नागपूरला नर्सचं शिकायला घातलं, आणि पुढे या जंगलातल्या लहानशा दवाखान्यात मला जागा मिळाली. दिरांनी एका अटीवर सोडलं. ते म्हणाले, "एकदा जरी काही वेडंवाकडं कानावर आलं, तर दुसऱ्या दिवशी गाडी पाठवीन आणि तुम्ही त्या गाडीत बसाल." मी हो म्हटलं. मला त्या माजघरात परत जायचं नव्हतं, आणि त्यासाठी मी कशालाही हो म्हटलं असतं.

दवाखान्याची दमणी होती, म्हणजे वर चटईचा टप असलेली हलकी बैलगाडी. गाडीवान म्हातारा, सिरोंच्याकडचा. बैलांशी तेलुगूत बोलायचा, माझ्याशी मराठीत, आणि रागावला की दोघांशी हिंदीत. गावाकडून कुणी बोलवायला आलं की आम्ही निघत असू. तो माणूस पुढे चालायचा, मागून आमची गाडी. रस्ता सागाच्या रानातून. हिवाळ्यात सागाची पानं, थाळ्याएवढी मोठी, एकेक करून उतरत राहतात. पडताना नाही, पण टेकताना आवाज करतात. उन्हाचे तुकडे टपाच्या चटईतून आत यायचे आणि गाडीच्या चालीबरोबर माझ्या अंगावरून पुढेमागे सरकायचे. थोड्या वेळानं मला झोप लागायची.

तशी झोप मला आयुष्यात कुठे मिळाली नाही. बैलांच्या घुंगरांचा आवाज आत यायचा आणि स्वप्नात त्याचं पाणी व्हायचं. कधी मी त्या पाण्याच्या काठानं चालत असायची, कधी पाणीच मला घेऊन चाललेलं असायचं. मी विधवा आहे, माझ्यावर दिरांचं लक्ष आहे, हे त्या झोपेत नसायचंच. एवढंच कळत असायचं की कुणाला तरी मी हवी आहे आणि मी तिकडे निघाले आहे. गाडी थांबली की गाडीवान चाकावर काठी वाजवायचा. मी उठून तोंडावरून पाणी फिरवायची आणि उतरायची. पहिलं सव्वा वर्ष असं गेलं. मी सुखात होते, हे मला तेव्हा कळत होतं आणि आजही लख्ख आठवतं.

मग एका दुपारी एक जण आला. लाकडाच्या ठेकेदाराकडे मुकादम होता. अंगात खाकी सदरा, डोक्याला भरपूर तेल. म्हणाला, "बाई, लवकर चला जी. बायको अडली हाय. कूपातल्या झोपडीत हाय." कूप म्हणजे जंगलाचा तोडीसाठी आखलेला तुकडा. पुढे वाट अरुंद झाली तशी गाडी थांबली आणि मी पेटी घेऊन त्याच्या मागोमाग चालत गेले. माझ्या डोळ्यांत अजून गाडीतली झोप होती. झोपडीत शिरले. बाज होती, बाजेवर कोरी सतरंजी होती, आणि बाई नव्हती. मी मागे वळले तर तो दारात उभा होता.

आत शिरतानाच मी पेटी उघडली होती, आणि माझ्या हाताला कार्बोलिक अ‍ॅसिडची बाटली लागली. ती मी त्याच्या अंगावर रिकामी केली. त्यानं तोंड झाकायला हात वर धरले म्हणून डोळे वाचले, मनगट भाजलं. तो गुरासारखा ओरडला आणि मी त्याला ढकलून धावत सुटले. गाडीपाशी आले तर गाडीवान बैलांना पाला देत होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. पाला तसाच टाकून त्यानं बैल जुंपले.

मी कुणाकडे तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर ती चार दिवसांत मूलला पोचली असती, आणि मागोमाग दिरांची गाडी आली असती. चूक त्या मुकादमाची आणि माजघर मला, हा हिशेब मला मान्य नव्हता. मी गप्प बसले आणि कामाला लागले. पण माझी झोप गेली. दमणीत मी ताठ बसून राहायची. घुंगरांचं पाणी होईना. ती नुसती घुंगरं राहिली. पुढे चालणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पाठीकडे मी बघत बसायची आणि मनात म्हणायची, हा खरा कशावरून?

एकदा तलावाकाठच्या गावाहून एक मच्छीमार आला. जाळं टाकता टाकता तसाच निघालेला, ओल्या धोतरानं. मी त्याची उलटतपासणी सुरू केली. बायकोचं कितवं बाळंतपण, कळा कधी सुरू झाल्या, घरात दुसरं कोण बाई आहे, मग ती का नाही आली. तो बिचारा उत्तरं देत गेला आणि देता देता रडायला लागला. "बाई, मी का चोर हाव? काऊन असं विचारून राह्यल्या जी?" मी गेले. सगळं नीट झालं, मुलगी झाली, त्यांनी मला पानात गुंडाळून मासे दिले. परतताना मात्र माझा मलाच संताप आला. ज्यांच्या हाकेवर डोळे मिटून जायचं, त्यांच्याकडेच मी हवालदारासारखी बघायला लागले होते. असं किती दिवस चालणार? एक दिवस मी कुणाला तरी नाही म्हणणार होते, आणि नेमकी तीच हाक खरी असणार होती.

वडील चांद्याला राहत. मी सुट्टी घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. ते रागानं उठले, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, परत आले. मला वाटलं, आता म्हणणार, सोड ती नोकरी. ते आत गेले आणि फलालीनच्या कापडात गुंडाळलेलं त्यांचं पिस्तूल घेऊन आले.

"जंगलात याचा मला एकदाच उपयोग झाला," ते म्हणाले, "आणि तो सुद्धा एका सापावर, तोही सुटला. पण हे कमरेला असलं की रानात झाडाखाली दुपारी डोळा लागायचा. तुझी आई म्हणायची, तुम्ही रानात घोरता कसे?"

मला रडूच आलं. मी झोपेबद्दल त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं.

परवाना माझ्या नावावर करून घ्यायला त्यांनी कचेरीत किती खेटे घातले ते मला ठाऊक नाही. त्यांनी मला गावाबाहेरच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर नेऊन चालवायला शिकवलं. चिंचेच्या फांदीला मडकं टांगलं. मडक्याला माझ्याकडून काही झालं नाही. वाऱ्यानंच ते शेवटी पडलं आणि फुटलं. वडील म्हणाले, "हरकत नाही. फक्त पिशवीत ठेवू नकोस. कमरेला, पदराच्या बाहेर. दिसलं पाहिजे."

तर असं ते आलं. गावोगाव बोलबाला झाला. आणि एका सकाळी, आलापल्लीच्या वाटेवर, गाडीवानानं काठी वाजवली तेव्हा मला कळलं की मी झोपले होते. पुन्हा पाणी वाहिलं होतं. कुणीही येवो, कुठूनही येवो, मी उलटतपासणी सोडून दिली. पट्टा आवळायचा आणि निघायचं. लोकांना वाटे, या बाईचा कुणावर विश्वास नाही म्हणून ती हत्यार बाळगते. मला त्या हत्यारामुळे सगळ्यांवर विश्वास ठेवता येत होता. हे मी कुणाला समजावत बसले नाही, कारण हे सांगितलं की लोक जरा बाजूला सरकून बसतात.

पुढच्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत, सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी एक जण हात जोडून उभा होता. मी आधी चेहरा ओळखला नाही. उजव्या मनगटावर पांढरा, सुरकुतलेला डाग होता, तो ओळखला.

"बाई," तो खाली बघत म्हणाला, "या टायमाले खरंच हाय जी. बायको कालपासून अडली हाय."

गाडीवान बैलांपाशी होता. तो तिथूनच ओरडला, "बाई, मत जाव! मी सांगून ठेवतो, मत जाव!"

ही ती हाक होती जिला नाही म्हणायचा मला हक्क होता. कुणी मला बोल लावला नसता. पण त्याच्या बायकोनं काय केलं होतं? ती होती की नाही, हेही मला माहीत नव्हतं. मी आत गेले, सहाही गोळ्या तपासल्या, पट्टा आवळला. बाहेर येऊन गाडीवानाला म्हटलं, "जुंपा." त्या दिवशी मी गाडीत झोपले नाही, हे सांगायला नको.

गाव खरं होतं. घर खरं होतं. आत मिणमिणत्या उजेडात बाजेवर एक पोर कण्हत होती, आणि उशाशी तिची सासू, म्हणजे त्या मुकादमाची आई, बसली होती. म्हातारी वाळकी, हातावर कोपरापर्यंत गोंदण. मुकादमाला मी अंगणाच्या पार टोकाला बसायला सांगितलं. गाडीवान त्याच्यासमोर बसला, मांडीवर ती चाकावर वाजवायची काठी घेऊन.

एरवी कुठेही गेले की मी आधी पट्टा काढून उंच खुंटीला टांगत असे. वाकून, गुडघ्यावर बसून करायचं काम. कमरेला ते वजन टोचतं. त्या घरात मात्र माझा हात पट्ट्याकडे जाईना. मी तशीच बसले. पोरीला वळवलं आणि तिची पाठ पाहिली. मारल्याच्या खुणा होत्या, जुन्या हिरवट आणि नव्या काळ्यानिळ्या. म्हातारीनं पाहिलं की मी पाहिलं. 

पोर जोर करीना. दमलेली होतीच, पण त्याहून जास्त भ्यालेली होती. बाहेर तो नुसता खोकला तरी तिचं अंग आखडायचं. एवढ्यात म्हातारी म्हणाली, "बाई, उशाले लोखंड पायजे. लोखंड नाई म्हणून सटवी आडवी येऊन राह्यली."

बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवायची रीत आमच्याकडेही होती. मी म्हटलं, "ठेवा ना मग. विळा कुठे आहे?"

"इळे सारे कापणीले गेले. घरात एक नाई." म्हातारीनं माझ्या कमरेकडे बोट दाखवलं. "हे लोखंडच व्हय ना?"

मला हसू आलं आणि रागही आला. सरकारच्या शिक्क्यानं परवाना मिळालेलं हत्यार सटवाईवर रोखायचं! पण पोरीनं मान वळवली आणि माझ्या पट्ट्याकडे असं पाहिलं, की मी हसायची थांबले. मी बाहेर अंगणात एक नजर टाकली. गाडीवानाची काठी मांडीवर तशीच होती. मग मी गोळ्या काढून कनवटीला बांधल्या आणि रिकामं पिस्तूल उशीखाली सरकवलं. पोरीनं उशीखाली हात घालून ते चाचपलं. नंतरचं काम तिनंच केलं म्हणायला हरकत नाही. दिवेलागणीच्या आत मुलगा झाला, किंचित निळा, पण दोन थापटांत रडला.

त्या रात्री मी बाजेच्या पायाशी टेकून बसून राहिले. सकाळी आवराआवर केली आणि सहज उशीखाली हात घातला, तर म्हातारीनं माझा हात धरला.

"हलवता येत नाई, बाई. पाचवी होईस्तो उशाचं लोखंड हलत नसते."

ही रीत मला चांगली ठाऊक होती. लहानपणापासून पाहिलेली. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होईपर्यंत तो विळा उशाखालून काढत नाहीत. पण विळ्याला जो नियम तोच पिस्तुलाला लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी समजावलं, "आजी, हे सरकारी काम आहे. हे मला दुसऱ्याच्या घरी ठेवता येत नाही. माझा परवाना जाईल."

"सरकारले म्हणा, सटवीले येऊन भेट."

परवाना गेला असता तर सगळंच गेलं असतं. सासरी बातमी, दिरांची गाडी, माजघर. मी आवाज चढवला आणि म्हातारीचा हात झटकून उशी उचलणार, तेवढ्यात बाजेवरून त्या पोरीनं माझं मनगट पकडलं. अंगात ताप नव्हता, पण हात गरम होता.

"राहू द्या ना बाई," ती म्हणाली. "रातभर झोपलो मी. या घरात आल्यापासून मले अशी झोप नाई लागली."

मी खाली वाकले आणि तिच्या कानाशी म्हटलं, "पोरी, ते रिकामं आहे गं. गोळ्या माझ्याकडे आहेत."

ती हसली. थकलेली, पण हसली. "असू द्या जी. त्याले कुठी ठावं हाय?"

मी तिथेच खाली बसले.  मग बाहेर जाऊन गाडीवानाला सांगितलं, "डॉक्टरांना निरोप द्या, बाळंतीण नाजूक आहे, मी पाचवी करून येते." हत्यार सोडून जायचं नाही, तर हत्याराबरोबर राहायचं, एवढाच मार्ग होता. गाडीवानानं माझ्याकडे पाहिलं, अंगणाच्या टोकाकडे पाहिलं. "निरोप देऊन आजच परत येतो," तो म्हणाला, आणि आलाही.

ते दिवस मला अजून स्वप्नात दिसतात, आणि स्वप्न कुठलं, घडलेलं कुठलं, हे आता नीट वेगळं करता येत नाही. खळ्यावर धानाची मळणी चाललेली. बैल गोल गोल फिरतायत, त्यांच्या पायांखालून पेंढ्याचा वास उठतोय. ऊन दारातून आत येऊन बाजेच्या पायांपर्यंत पोचायचं आणि तिथून हळूहळू माघारी जायचं. पोर झोपलेली असायची, बाळ झोपलेलं असायचं, म्हातारी बसल्या बसल्या पेंगायची, आणि मीसुद्धा कुडाच्या भिंतीला टेकून डुलक्या घ्यायची. चार जणी, म्हणजे तीन बायका आणि एक तान्हं, आणि सगळ्यांच्या मधोमध उशीखालचं ते रिकामं लोखंड. मुकादम दिवसातून एकदा दारापर्यंत यायचा. उंबऱ्याशी थांबायचा. त्याची नजर बाळावर जायची, मग उशीवर जायची, मग तो मनगट चोळत परत खळ्यावर जायचा. त्यानं उंबरा ओलांडला नाही. मी कनवटीच्या गाठीवर हात ठेवून बसलेली असायची, पण त्या गाठीची मला कधी गरज पडली नाही.

पाचवीला पोरीचा मोठा भाऊ आला, मूलकडचा, बहिणीच्या निरोपावरून तांदूळ आणि खण घेऊन. पूजा झाली. पाटावर सुपारी, हळद, आणि मधोमध पिस्तूल. त्यालाही म्हातारीनं कुंकवाची दोन बोटं लावली.  वडील तिथे असते तर मोठ्यानं हसले असते.

पूजा आटोपली आणि ते पिस्तूल अजून पाटावरच होतं, तेवढ्यात पोर भावाला म्हणाली, "भाऊ, मी येतो तुह्याबरोबर. मायच्या घरी." सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. मुकादम दाराबाहेर होता. त्यानं एकदा पाटाकडे पाहिलं.

"किती दिवसाले?" त्यानं विचारलं.

"म्या सांगन तवरीक," म्हातारीनं उत्तर दिलं. मुकादमाची आई म्हणून नव्हे, पोरीची सासू म्हणून. तो पाय आपटत खळ्याकडे निघून गेला, आणि भावानं बहिणीची बोचकी गाडीत ठेवायला घेतली.

मी पट्टा बांधला. निघताना म्हातारीनं हात वर करून छपराच्या गवतात घातला आणि तिथून एक विळा काढला. चांगला, धार लावलेला. कांदे चिरायला बसली त्यानं.

मी बघत राहिले. "आजी, तुम्ही म्हणालात घरात विळा नाही."

"इळा त होता," ती कांद्यावरून नजर न काढता म्हणाली. "इळ्याले तो भेत नाई, बाई."

मोठ्या रस्त्यापर्यंत दोन्ही गाड्या बरोबर चालल्या. पोर बाळाला घेऊन माझ्या दमणीत बसली होती, कारण भावाच्या गाडीला टप नव्हता. ऊन चटईतून यायचं, बाळाच्या तोंडावर पडायचं, आणि ती पदरानं ते अडवायची. फाटा आला तशी उतरली. उतरून उभी राहिली, काहीतरी विचारायचं होतं.

"बाई, ते लायसन मले भेटते का जी?"

गाडीवान खो खो हसला. तिचा भाऊही हसला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "अवघड आहे गं." तिनं मान हलवली, जणू तिला हेच उत्तर अपेक्षित होतं, आणि भावाच्या गाडीत चढली. पुढे ती कधी दिसली नाही. मूलच्या बाजूला गेले की मी बाजारात तिच्यासारखे चेहरे शोधत असे. ती परत त्या घरी गेली की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही, आणि ते माहीत नसण्याची टोचणी आहे.

त्याच हिवाळ्याच्या अखेरीस परवान्याची मुदत वाढवायला मला चांद्याला कचेरीत बोलावलं. साहेब नवीन होते, तरुण, बोलायला सभ्य. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, तुम्ही एकही गोळी कधी झाडली नाही असं दिसतं. मग तुम्हाला याची खरंच गरज काय?"

माझ्याकडे अस्वल होतं, आडरस्ता होता, वडिलांची आठवण होती. सगळी उत्तरं तोंडाशी आली. मला वाटलं, आता हे माझ्याकडून जाणार. पिस्तुलाच्या मुठीजवळच्या खाचेत कुंकू अजून अडकलेलं होतं. मी मुद्दाम पुसलं नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "ते असलं की झोप लागते."

साहेब मनापासून हसले. बाईमाणसाचं मन, असं काहीतरी शेजारच्या कारकुनाला म्हणाले आणि सही केली. कुणाला झोप लागते, ते त्यांनी विचारलं नाही.